जर-तरची कादंबरी आणि तिचे पहिले वाचक

पुस्तक लिहून संपणे आणि त्याविषयीचा पहिला अभिप्राय हाती येणे, या दोहोंच्या दरम्यानचा काळ ग्रंथकारास जितका जड जातो तितका दुसरा कोणताही जात नसेल. लिहीत असता त्याच्या हातांस निदान काम तरी असते. पुढे ते कामही जाते आणि टपालाच्या वेळेकडे डोळे लावून बसणे एवढेच उरते. त्यातून ग्रंथ जर-तरच्या इतिहासाचा असेल, म्हणजे जे घडले नाही ते घडले असते तर पुढे काय होते हे सांगणारा असेल, आणि त्यात हेर, सांकेतिक पत्रे, वेषांतर असा मसालाही पडला असेल, तर त्या बिचाऱ्याची स्थिती विशेषच चमत्कारिक होते. इतिहासज्ञ म्हणतो, हे सारे खोटे आहे. कादंबऱ्यांचा शौकीन म्हणतो, हे पुरेसे खोटे नाही.

भंडारा जिल्ह्यातील आमच्या दिघोरीस आमचे एक स्नेही सध्या याच स्थितीत आहेत. त्यांनी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांवर एक कादंबरी लिहिली असून तीत १८१८ साली इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटलेला हा राजा डोंगराडोंगरांतून वणवण न करता, एका हेराने वेळेवर पोहोचविलेल्या खलित्यामुळे नागपूर परत मिळवितो. हस्तलिखित त्यांनी चार जणांस वाचावयास दिले. पैकी दोघांचे अभिप्राय आले. पहिल्याने दोन पाने भरून तिथींच्या चुका दाखविल्या आणि शेवटी विचारले, की जे घडलेच नाही ते लिहिण्यात एवढी शाई का घालविली? दुसऱ्याने लिहिले, पुस्तक एका रात्रीत वाचून काढले. मात्र राजाने नागपुरावरच का थांबावे, कलकत्त्यापर्यंत का जाऊ नये? दोन्ही पत्रे आमच्यापुढे ठेवून स्नेह्यांनी आमचे मत विचारले. आमच्याने ते तत्काळ देववले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या भाषेत या जातीच्या लेखनाचे जे उत्तम उदाहरण आहे, त्याचा कर्ता इतिहासकार नव्हता, व्यवसायाने कादंबरीकारही नव्हता. जयंत विष्णु नारळीकर हे खगोलशास्त्राचे जगन्मान्य पंडित. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली, तेव्हा त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा तिकडे धाडली. पण स्वतःच्या नावाने नव्हे. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली आणि त्यांतून ‘नारायण विनायक जगताप’ असा एक गृहस्थ निर्माण केला. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून तेही आपले ठेविले नाही. ज्याच्या नावाचा सर्वत्र डंका वाजत होता, त्याने पहिल्या अभिप्रायापुरते ते नाव पेटीत बंद करून ठेवावे, ही गोष्ट आम्हांस त्या कथेइतकीच मनोवेधक वाटते. एका परीने ही हेरगिरीच. फरक इतकाच, की येथे हेर परक्याची छावणी पाहावयास न जाता आपल्याच लेखनाची खरी किंमत पाहावयास निघाला होता. कथेस पहिले पारितोषिक मिळाले आणि मग जगतापांचे बिंग फुटले. पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांस आणखी कथा मागितल्या, आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रकाराची आपल्या भाषणात आवर्जून दखल घेतली. नवख्या कथाकारास याहून चांगले पहिले वाचक क्वचितच लाभतात. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांची महत्त्वाची कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही होय. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकले असते तर काय झाले असते, या विचारात रस्त्याने चालले असता एका वाहनाच्या धक्क्याने भलत्याच जगात जाऊन पडतात. त्या जगात विश्वासरावास गोळी लागतच नाही. ती कानाजवळून निघून जाते. सैन्याचा धीर सुटत नाही, लढाई जिंकली जाते, आणि मुंबईत कंपनीचा अंमल विसाव्या शतकातही चालू असला तरी हिंदुस्थान गिळण्याचा तिचा बेत फसलेला असतो. या पंतांचा एक नियम आम्हांस फार आवडतो: सभा म्हटली की अध्यक्ष हवाच! आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून ते व्यासपीठावर चढतात आणि अध्यक्षीय भाषणांस विटलेल्या त्या जगातील श्रोत्यांकडून टोमॅटोंचा मार खातात. परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात ‘भाऊसाहेबांची बखर’ या ग्रंथाचे फाटके पान असते, आणि त्यावर गोळी चुकल्याची हकीगत असते. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेले.

या कथेस उणे शोधावयाचे तर इतिहासज्ञास पुष्कळ सापडेल. पण एक गोष्ट त्याने मान्य केली पाहिजे. कथाकाराने ‘जर’चा खिळा एकाच ठिकाणी ठोकला, तो लपविला नाही, आणि पुढचे सारे त्या एका खिळ्यास टांगले. शिवाय केवळ विजयावर तो संतुष्ट राहिला नाही. त्याच्या जगातील पेशवे तंत्रविद्येचे महत्त्व ओळखतात, स्वतःच्या विज्ञानशाळा उभारतात, आणि कंपनीचे साहाय्य घेतात ते आपले पाय बळकट होईपर्यंतच. रणांगणावर मिळालेला जय पुढे प्रयोगशाळेत टिकवावा लागतो, हे त्यास ठाऊक होते. कलकत्त्यापर्यंत घोडे दौडविण्याची मागणी करणाऱ्या वाचकास हे पटेल की नाही, याची आम्हांस शंका आहे.

आता हेरकथेकडे वळू. जर-तरची कथा आणि हेरकथा या दोन सख्ख्या बहिणी आहेत, असे आम्हांस वाटू लागले आहे. दोघींची श्रद्धा एकच: एक माणूस, एक चिठ्ठी, एक प्रहर मागेपुढे झाला असता तर राज्य वाचले असते. पानिपतच्या मोहिमेइतका या श्रद्धेस अनुकूल प्रसंग दुसरा सापडणे कठीण. १७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. दाणागोटा आणि द्रव्य हाती लागले. इकडे फौज उत्तरेस गुंतलेली असता त्याच महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली. नदी भरलेली आहे, शत्रू पलीकडेच अडकून पडला आहे, या भरवशावर मराठी फौज होती; तो उतरला ही वार्ता कळेपर्यंत दिल्लीची आणि दक्षिणेची वाट तुटली होती. पुढे डिसेंबरात रसद तोडण्याच्या कामी असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट अफगाणांच्याच छावणीत शिरले. आपलीच माणसे समजून मराठीत बोलू लागले, आणि कापले गेले. कादंबरीकाराने असा प्रसंग रचला असता तर पहिल्याच परीक्षकाने त्यावर ‘असंभाव्य’ असा शेरा मारला असता!

१४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. पेशवे नानासाहेब मदतीस उत्तरेकडे निघाले होते. नागपूरकर जानोजी भोसले आपल्या फौजेनिशी त्यांस येऊन मिळाले होते. भेलशाच्या मुक्कामी, युद्धास दहा दिवस उलटल्यावर, एका सावकाराचा जासूद सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात पराभवाचा शब्दही नव्हता. होता तो सराफीचा हिशेब. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती त्याची गणती नाही. भाऊ आणि विश्वासराव ही ती मोत्ये, आणि मोहरा म्हणजे नामांकित सरदार, हे पेशव्यांस उलगडून सांगावे लागले नसेल. राजाच्या बातमीदारांआधी सावकाराचा बातमीदार पोहोचावा, यात त्या काळच्या राज्यकारभारावर जी टीका आहे, ती कोणाही ग्रंथकाराच्या टीकेहून कडक आहे. जून महिन्यात पेशवे पर्वतीवर वारले.

येथे आमच्यातील भंडारेकर जागा होतो. जानोजींची फौज महिनाभर आधी यमुनेकाठी असती तर, ही कुजबूज या बाजूस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीत थोडा अभिमान आहे आणि थोडी टोचणीही आहे. नागपूर दरबार आणि पुणे दरबार यांचे सूत कसे होते हे जाणणारा मनुष्य या ‘जर’वर फार भार टाकणार नाही. बागपताची वार्ता वेळेवर आली असती, जानोजी वेळेवर आले असते, खजिना वाट चुकला नसता, तरी उपाशी घोडी, छावणीतील बायकामुले व यात्रेकरू, आणि उत्तरेत मित्र म्हणून कोणी न उरणे, हे सारे जसेच्या तसे राहते. एका चिठ्ठीने ते बदलते काय? वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात पानिपतपूर्वीची पत्रे छापली आणि विस्तृत प्रस्तावनेत अपयशाचा दोष माणसे नेमून वाटून दिला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत पानिपतावर ग्रंथ लिहून हाच प्रश्न निराळ्या अंगाने तपासला. आता गंमत पाहा. अमक्या सरदाराने कुचराई केली म्हणून पराभव झाला असे इतिहासकार लिहितो, तेव्हा तो मनातल्या मनात एक जर-तरची कादंबरीच रचीत असतो. त्याने कुचराई केली नसती तर काय होते, याचे चित्र डोळ्यांपुढे असल्याशिवाय दोष ठेवताच येत नाही. इतिहासकार ती कादंबरी लिहून दाखवीत नाही, इतकेच. आमच्या स्नेह्यांस तिथींच्या चुका दाखविणाऱ्या गृहस्थांनी शाईच्या नासाडीविषयी बोलण्यापूर्वी याचा विचार करावयास हवा होता. तिथींच्या चुका मात्र त्यांनी दाखविल्या हे उत्तमच केले.

जर-तरच्या कथेवर लोकांनी विश्वास ठेविला तर काय अनर्थ होतो, याचाही दाखला पानिपतानेच ठेविला आहे. भाऊसाहेबांचे प्रेत ओळखले गेले की नाही याविषयी लोकांच्या मनात संशय राहिला. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पती जिवंत आहेत याच आशेवर त्या राहिल्या. अशा वेळी एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजपे या अंमलदाराने त्यास बाहेर काढले, आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली, बोरघाटापर्यंत त्याची धास्ती पोहोचली. शेवटी आंग्र्यांनी त्यास पकडून दिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्यास देहान्त शासन झाले.

या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. आम्हांस मात्र त्या नाटकाहून ती गर्दी अधिक विचार करावयास लावते. हे सारे लोक भोळे नव्हते. त्यांतल्या किती घरांतून कोणी ना कोणी पानिपतावर गेला असेल आणि परत आला नसेल! भाऊ परतला तर आपलाही माणूस परतेल, हा त्यांचा ‘जर’ होता. तोतयास मान देऊन ते आपल्याच घराचे दार उघडे ठेवीत होते. जर-तरची गोष्ट लिहिणाऱ्याने हे विसरू नये की ज्या वाचकाचे काही हरवले आहे, तो ती करमणूक म्हणून वाचीत नाही.

आप्पासाहेबांच्या हकीगतीत तर कादंबरीकारास रचावे लागण्यासारखे काही शिल्लकच नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर पराभव, डिसेंबरात शरणागती, पुन्हा गादीवर बसविले जाणे, बाजीरावाशी गुप्त पत्रव्यवहार चालविल्याच्या आरोपावरून १८१८ च्या मार्चात रेसिडेंट जेन्किन्सकडून अटक. अलाहाबादेकडे नेत असता मे महिन्यात जबलपूरच्या बाजूस एका मुक्कामी हा राजा शिपायाच्या वेषात छावणीबाहेर पडला. बिछान्यात उशी ठेविली होती, आणि पहारा बदलताना डोकावणाऱ्यांस राजे निजलेलेच दिसत राहिले. हे आम्ही कोणा कादंबरीतून घेतलेले नाही. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही ही हकीगत दिली आहे. पुढे महादेवाच्या डोंगरांतील गोंड सरदारांचा आश्रय, तेथून चितू पेंढाऱ्याबरोबर अशीरगडाकडे पळ, चितूचा जंगलात वाघाच्या तोंडी झालेला अंत, आप्पासाहेबांचा पंजाबपर्यंतचा प्रवास, आणि अखेर जोधपुरास मानसिंहाच्या आश्रयाने काढलेली वर्षे. तेथेच १८४० साली ते वारले. वीस-बावीस वर्षे हा मनुष्य जिवंत ‘जर’ होऊन वावरत होता. त्याच्या नुसत्या नावाने नागपूरच्या रेसिडेन्सीत झोप उडत असेल.

आणि त्या ‘जर’ची किंमत कोणी दिली? आमच्या बाजूच्या लोकांनी. आज गोंदिया जिल्ह्यात असलेले, १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडणारे कामठा हे जमीनदारीचे ठिकाण. तेथील चिमणा पटेल १८१८ साली आप्पासाहेबांच्या नावाने उठला. इंग्रज पलटण चालून आली, कामठा पडले, जमीनदारी त्या घराण्याकडून गेली. राजा तेव्हा डोंगरात होता. पटेलाजवळ होते ते केवळ त्याचे नाव. तो परत येणार, ही बातमी वैनगंगेच्या खोऱ्यातून कोणी आणली, ती खरी मानून धान कापणीच्या तोंडावर किती माणसे घराबाहेर पडली, याच्या नोंदी ठेवण्यास येथे कोणी बखरकार बसला नव्हता.

स्नेह्यांचे हस्तलिखित आम्ही या दृष्टीने पुन्हा वाचले. राजा नागपुरात शिरतो ते प्रकरण झोकदार आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर पहाटेच्या प्रहरी सादर केले तर प्रेक्षक उठून उभे राहतील. पण खलिता पोहोचविणारा हेर कोठून आला, त्याला हे काम कोणी दिले, मागे त्याच्या घराचे काय झाले, यावर पुस्तकात चार ओळी आहेत. चिमणा पटेलाचे तर नावही नाही. राजा जिंकला असे एकदा लिहिल्यावर पटेलाची शोकांतिका उरत नाही, म्हणून त्यास वगळले, असे स्नेह्यांनी सांगितले. आमचा खरा आक्षेप येथे आहे. राजाचे नशीब बदलण्याचा अधिकार कादंबरीकारास आहे, त्याने तो खुशाल वापरावा. कलकत्त्याला जावयाचे तर तेथेही जावे. पण कामठ्याचा गड पडण्यास जी माणसे कारण झाली, ती त्याच्या जगातही धानाच्या बांध्यांत उभी असली पाहिजेत. राजा जिंकला तर त्यांस काय मिळाले? सारा माफ झाला काय? की नागपूरचे कमाविसदार पूर्ववत दारात उभे राहिले? नारळीकरांच्या गंगाधरपंतांनी त्या दुसऱ्या जगात जाऊन आधी आपले घरचे कोणी तेथे आहे काय, हेच शोधिले होते. मुलाची चौकशी करावयास मुंबईच्या कचेरीत गेले आणि त्या नावाचा कोणी तेथे नाही असे ऐकून परतले. सारा विजय एकीकडे आणि ती कचेरी एकीकडे.

हे सर्व आम्ही स्नेह्यांस सांगितले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर केले नाही. मग पहिल्या अभिप्रायाचे पत्र मागून घेतले, तिथींच्या चुकांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या, आणि कामठ्याच्या वेढ्याविषयी वाचावयास काय मिळेल असे विचारले. जुन्या गॅझेटियरची आमची प्रत त्यांनी नेली आहे. चौथ्या वाचकाचा अभिप्राय अद्याप यावयाचा आहे. पण त्याची वाट पाहणे त्यांनी सोडल्याचे दिसते, कारण काल टपालवाला येऊन गेला तेव्हा ते ओसरीवर नव्हते.